आतून तपासायचे म्हणजे काय?

गेल्या महिन्यात या सदरासाठी एक पत्र आले. सही नाही, गावाचे नाव नाही. वय ३९, दोन मुले, अंगावरून पांढरे जाते, कंबर भरून येते, एवढीच माहिती. पुढे लिहिले होते, "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आतून तपासावे लागेल. मी पाळी आली आहे असे खोटेच सांगून निघून आले. सोनोग्राफी केली तर चालणार नाही का? ती करून घ्यायला माझी तयारी आहे."

"पाळी आली आहे" हे कारण गेल्या तीस वर्षांत मी इतक्या जणींकडून ऐकले आहे की कोणाचे खरे आणि कोणाचे खोटे हे ठरवण्याच्या फंदात मी आता पडत नाही. या भगिनीने निदान कागदावर तरी खरे लिहिले. तिच्या पत्रामागचे प्रश्न बहुतेक सगळ्यांच्याच मनात असतात. आत नेमके काय करतात? कशाने करतात? दुखते का? आणि ते केलेच पाहिजे का? हा विषय वर्तमानपत्रात लिहावा की नाही याचा मीही थोडा विचार केला. घरात वर्तमानपत्र सगळेच वाचतात. वाचू देत. नवरेमंडळींनीही वाचावे असेच हे आहे.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ नाही. पुण्यात पेठेत दवाखाना असलेली साधी एम.बी.बी.एस. फॅमिली डॉक्टर आहे. सर्दी-खोकल्यापासून साखरेपर्यंत सगळे पाहते. पण बाई डॉक्टर आहे म्हणून भोर, पुरंदर, दौंडकडूनही नात्यागोत्यातल्या बायका येतात आणि सगळे बोलून झाल्यावर, उठता उठता, दाराशी थांबून "आणखी एक होतं" म्हणतात. ते आणखी एक बहुधा हेच असते.

साधारण वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. भाजी विकणारी एक बाई आली. वय पन्नाशीच्या आसपास. "अंगावरून पाणी जातं, वास येतो," म्हणाली. दवाखाना भरलेला, बाहेर तापाच्या पेशंटची रांग. मी म्हटले, "मावशी, आतून बघूया." तिने "आज नको बाई" म्हणून पदर आवळून घेतला. मी आग्रह धरला नाही. खरे सांगायचे तर मला बरेच वाटले, कारण त्यात माझी दहा मिनिटे गेली असती. गोळ्या लिहून दिल्या. पंधरा दिवसांनी ती पुन्हा आली, पुन्हा गोळ्या, या वेळी दुसऱ्या. तिसऱ्या खेपेला बरोबर तिची बहीण होती. बहिणीने सांगितले की पाळी बंद होऊन वर्ष झाले तरी हिला मधूनमधून लाल डाग पडतो. त्या दिवशी मी तिला टेबलावर घेतले. पिशवीच्या तोंडावर फुलकोबीच्या गड्ड्यासारखी वाढ होती आणि कापसाचा बोळा लागताच रक्त आले. पुढची तपासणी फक्त कागदावर शिक्का बसण्यापुरती होती.

नंतर तिच्याकडूनच कळले ते असे. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका ठिकाणी तिला तांबी बसवली होती. काही न सांगता, थंडगार लोखंड आत घातले. ती ओरडली तेव्हा "एवढं दुखतंय तर पोरं कशी झाली?" असे ऐकवले. खोलीत आणखी दोघेजण उभे होते, ते हसले. तेव्हापासून तिने ठरवले होते, मेले तरी पुन्हा त्या टेबलावर चढायचे नाही. त्या एका तपासणीने तिची बारा वर्षे घेतली आणि शेवटचा महिना मी घेतला. रेडिएशनचे उपचार झाले. त्यानंतर ती पावणेदोन वर्षे जगली.

म्हणून आज तपासणीची पद्धतच सांगते. डॉक्टरांनी काय करायचे असते हे पेशंटला माहीत असले की ती घाबरत नाही. आणि कोणी तसे करत नसेल तर तिला ते कळतेही.

आधी सोनोग्राफीचा प्रश्न मिटवू. सोनोग्राफी पोटातले अवयव सावल्यांच्या रूपात दाखवते. पिशवीत गाठ आहे का, अंडाशयात पाण्याची गाठ आहे का, पिशवीचे अस्तर जाड झाले आहे का, हे ती माझ्या बोटांपेक्षा चांगले सांगते. पण तिला रंग दिसत नाही आणि वास येत नाही. पिशवीच्या तोंडावरची लाली, जखम, छोटासा कोंब, येणारा स्राव दह्यासारखा आहे की हिरवट फेसाळ, यातले काहीही ती सांगू शकत नाही. कॅन्सरची सुरुवात होण्यापूर्वी पेशींत जे बदल होतात ते तर मुळीच नाही. तेव्हा पांढरे जाण्याच्या तक्रारीसाठी फक्त सोनोग्राफी करणे म्हणजे घशात दुखते म्हणून छातीचा एक्स-रे काढण्यासारखे आहे.

या चुकीची किंमत आपल्या राज्याने पाहिली आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या जात असल्याचे प्रकरण २०१९ साली गाजले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यामागे कारणे बरीच होती. उचल, बुडणारा खाडा, कॅन्सरची दाखवलेली भीती. पण पांढरे जाते, ओटीपोट दुखते एवढ्या तक्रारीवरून पिशवी काढायची वेळ क्वचितच येते. ती वेळ आली आहे का, हे ठरवण्याची पहिली पायरी म्हणजे नीट केलेली आतली तपासणी आणि पॅपची चाचणी. "पिशवी खराब झाली आहे" असे कोणी सोनोग्राफीच्या कागदावरून सांगितले, तर "पिशवीचे तोंड तुम्ही पाहिले का?" एवढे विचारावे.

टेबलावर चढण्यापूर्वी

तपासणीची सुरुवात टेबलावर होत नाही, खुर्चीवर होते. अंगावर सगळे कपडे असताना, समोरासमोर बसून डॉक्टरांनी विचारायचे असते: पाळी कधी आली, बाळंतपणे किती, संबंधानंतर रक्त जाते का, पूर्वी अशी तपासणी झाली आहे का आणि तेव्हा त्रास झाला होता का. हा शेवटचा प्रश्न मी त्या भाजीवाल्या मावशींनंतर विचारू लागले. उत्तर ऐकायला कधी कधी फार वेळ लागतो, पण तो वेळ वाया जात नाही. नवरा किंवा सासू बरोबर असेल तर त्यांना थोडा वेळ बाहेर बसवावे. त्यांच्यासमोर खरी उत्तरे येत नाहीत.

मग काय करणार आहोत ते सांगायचे, उपकरण हातात घेऊन दाखवायचे आणि "करू का?" असे विचारायचे. नवऱ्याने किंवा आईने मान डोलावली म्हणजे परवानगी मिळाली असे होत नाही. जिची तपासणी तिनेच हो म्हणायला हवे. आणि हो म्हटल्यावरही मध्येच "थांबा" म्हणण्याचा तिचा हक्क राहतो.

डॉक्टर पुरुष असतील तर खोलीत दुसरी एखादी स्त्री असलीच पाहिजे: सिस्टर, आया किंवा पेशंटची कोणी नातेवाईक. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेतही हे लिहिले आहे. तेव्हा ती मागणी करताना संकोच नको. पुरुष डॉक्टरांकडून ही तपासणी करून घेण्यात काही गैर नाही. मला माहीत असलेल्यांपैकी सर्वांत हलका हात एका पुरुष डॉक्टरांचा होता. दाराला कडी, टेबलाभोवती पडदा आणि अंगावर चादर या तीन गोष्टी मात्र डॉक्टर बाई असो की पुरुष, हव्यातच. विद्यार्थी असतील तर ते कोण आहेत हे सांगून, विचारून. आम्ही शिकत होतो तेव्हा एका बाईभोवती आम्ही आठजण उभे राहत असू आणि एकामागून एक तपासत असू. तिचे नावही आम्हाला ठाऊक नसे. कोणी तिला विचारले नाही आणि विचारायचे असते हे आम्हाला कोणी शिकवले नाही. ते मला प्रसूतीच्या वॉर्डातल्या एका वयस्क सिस्टरनी शिकवले. "डॉक्टर, आधी गुडघ्यावर हात ठेव, मग बोल, मग बाकीचं," असे त्या म्हणायच्या.

पेशंटने दोन गोष्टी करायच्या. तपासणीच्या आधी लघवीला जाऊन यायचे, कारण भरलेले मूत्राशय पिशवीच्या पुढे येते आणि दाबले की दुखते. आणि आदल्या दोन दिवसांत आतून पाण्याने धुणे, मलम किंवा गोळी ठेवणे, संबंध, हे टाळायचे. नाहीतर स्रावाचा नमुना नीट मिळत नाही. केस काढून या, असे मी कोणालाही सांगत नाही. त्याची गरज नाही. साडी सोडायचीही गरज नाही. आतला कपडा काढून परकर वर घेतला की पुरते. सलवार असेल तर एक पाय मोकळा केला तरी चालते.

तपासणी

उताणे झोपायचे, डोक्याखाली उशी, गुडघे वाकवलेले आणि बाजूला सोडलेले. उशी अशासाठी की पेशंटला डॉक्टरांचा चेहरा दिसावा आणि डॉक्टरांनाही तिचा चेहरा दिसावा. दुखते की नाही हे कपाळावरच्या आठ्यांवरून आधी कळते. गुडघे डॉक्टरांनी हाताने फाकवायचे नसतात. "गुडघे हळूहळू सैल सोडा" म्हणून वाट पाहायची. पोटावर हात ठेवून तोंडाने श्वास सोडायला सांगितले की खालचे स्नायू आपोआप सैल होतात. श्वास रोखून धरला की ते आवळतात आणि मग सगळेच दुखते.

सुरुवात पोटापासून. ओटीपोटात गाठ लागते का, कुठे दुखते का ते वरून पाहायचे. मग नवे हातमोजे. आधी मांडीला हाताचा मागचा भाग लावायचा आणि सांगायचे, "आता हात लावते आहे." एकदम नको त्या जागी स्पर्श झाला की कोणतीही बाई दचकते आणि एकदा दचकली की अंग आकसून घेते. बाहेरून फोड, सूज, खाजेचे व्रण आहेत का ते पाहायचे. खोकायला सांगायचे. खोकताना लघवीचा थेंब येतो का, अंग खाली येते का, हे तेव्हाच दिसते. कितीतरी वयस्क बायका अंग बाहेर येण्याचे दुखणे वर्षानुवर्षे कपड्याची घडी बांधून सोसतात. त्यांचे निदान या एका खोकल्यात होते.

त्यानंतर स्पेक्युलम. बदकाच्या चोचीसारखे दोन पाती असलेले हे उपकरण असते. बोटांनी तपासण्याच्या आधी ते वापरायचे, हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी बोटे घातली तर नमुना बिघडतो, आणि तोंडावर नाजूक जखम असली तर रक्त येऊन पुढचे काही दिसत नाही. स्पेक्युलमचे आकार वेगवेगळे असतात. मूल न झालेल्या किंवा पाळी गेलेल्या बाईसाठी लहान आकाराचे घ्यायचे. ते निर्जंतुक केलेले तर हवेच, पण कोमटही हवे. कोमट पाण्यात बुडवले की काम होते, आणि त्या पाण्याने ते सहज सरकतेही. या एका गोष्टीला काही खर्च येत नाही, तरी ती सर्वांत जास्त वेळा राहून जाते.

स्पेक्युलम आत घालताना पाती मिटलेली, किंचित तिरकी आणि दिशा माकडहाडाकडे हवी. वरच्या बाजूला लघवीचा मार्ग आणि हाड असते. तिथे दाब पडला की कळ जाते. मागची बाजू मऊ असते आणि दाब सोसते. नवशिके डॉक्टर सरळ पुढे ढकलतात आणि मग बाई टेबलावर वर सरकते. ती वर सरकली की चूक तिची नसते, उपकरणाच्या दिशेची असते. आत गेल्यावर पाती हळूच उघडायची. समोर पिशवीचे तोंड दिसते: गुलाबी, गुळगुळीत, मध्ये छोटे छिद्र. बाळंतपण झालेल्या बाईत ते छिद्र आडव्या चिरेसारखे असते. बऱ्याच जणींना मी विचारते, "आरशात बघायचंय का?" तरुण मुली हो म्हणतात. एक आजी म्हणाल्या, "एवढ्याशातून पाच बाहेर आले होय!"

इथेच नमुना घ्यायचा. पॅप चाचणीसाठी लाकडी चमचीने किंवा छोट्या ब्रशने तोंडावरच्या पेशी खरवडून घेतात. त्या वेळी किंचित टोचल्यासारखे वाटते, एवढेच. दुसरी पद्धत आणखी साधी. व्हिनेगरसारखे सौम्य अॅसिटिक आम्ल तोंडाला लावून एक मिनिट थांबायचे. पेशी बदललेल्या असतील तिथे पांढरा डाग उठतो. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांमध्ये या पद्धतीचा अभ्यास केला. तपासणी डॉक्टरांनी केली नाही, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी केली. बारा वर्षांनंतर दिसले की तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होते. म्हणजे पदवी नव्हे, पद्धत नीट हवी. मला हा अभ्यास फार आवडतो, कदाचित मीही मोठ्या पदवीची नाही म्हणून असेल.

काढतानाही घाई नको. पाती तोंडापासून जरा मागे घेऊन मगच मिटायची, नाहीतर चिमटा बसतो. बाहेर काढता काढता योनिमार्गाच्या भिंतीही पाहून घ्यायच्या.

शेवटी हाताने तपासणी. एक किंवा दोन बोटे आत, दुसरा हात ओटीपोटावर आणि मध्ये पिशवी. तिचा आकार नेहमी लहान पेरूएवढा असतो. ती मोठी लागते का, हलते का, पुढे कललेली आहे की मागे, हे पाहायचे. मागे कललेली पिशवी हा आजार नाही. कितीतरी जणींची तशी असते, आणि त्यावरून उगाच घाबरवले जाते. तोंड हलवल्यावर जोराची कळ आली तर आत जंतुसंसर्ग आहे किंवा गर्भ नळीत राहिला आहे अशी शंका घ्यायची. पाळी चुकलेल्या बाईत ही कळ म्हणजे तातडीने मोठ्या दवाखान्यात पाठवण्याची वेळ. दोन्ही बाजूंना अंडाशय चाचपायचे. पाळी जाऊन बरीच वर्षे झालेल्या बाईत ते हाताला लागता कामा नयेत. लागले तर पुढे तपासावे.

एवढ्याला सगळे मिळून पाच मिनिटे लागतात. थोडे अवघडल्यासारखे वाटणे, दाब जाणवणे साहजिक आहे, कळ येणे नाही. दुखले तर सांगावे आणि डॉक्टरांनी थांबावे. कुठे आणि केव्हा दुखते हीसुद्धा निदानाला लागणारी माहितीच आहे, ती "जरा सहन करा" म्हणून दडपायची नसते. पुसायला कापूस द्यायचा, एखादा डाग पडू शकतो हे सांगायचे आणि काय आढळले ते पेशंट कपडे करून पुन्हा खुर्चीवर बसल्यावर बोलायचे. पाय वर करून झोपलेल्या बाईला "गाठ आहे" असे सांगणारे डॉक्टर मी पाहिले आहेत.

आता काही जणींच्या शंका. ज्या मुलीचा कधीही संबंध आलेला नाही, तिची अशी आतून तपासणी सहसा करत नाहीत. पोटावरून सोनोग्राफी करून बहुतेक काम भागते. पण "लग्न झालेले नाही" आणि "संबंध आलेला नाही" ही दोन वेगळी वाक्ये आहेत. डॉक्टरांनी ती एकांतात आणि कपाळावर आठी न घालता विचारावीत. तसेच या तपासणीवरून मुलगी "कुमारी" आहे की नाही हे कळते हा समज साफ खोटा आहे. बलात्काराच्या तक्रारीनंतर केली जाणारी तथाकथित दोन बोटांची चाचणी याच समजातून आली होती. ती अशास्त्रीय आहे हे सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी २०१० पासून लावून धरले. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली आणि पुन्हा ऑक्टोबर २०२२ मध्ये ती चुकीची ठरवली. ती करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल असेही सांगितले. मी वर सांगितलेल्या तपासणीशी तिचा काही संबंध नाही. तिथे आजार शोधतात, चारित्र्य नव्हे.

पाळी गेलेल्या स्त्रियांना आत कोरडेपणा असतो, म्हणून जास्त दुखू शकते. हे आधी सांगितले तर डॉक्टर लहान उपकरण वापरतील. पाळी चालू असेल तर साधारणपणे चार-सहा दिवस थांबतात. पण रक्त जास्त जाणे किंवा वेळी-अवेळी जाणे हीच तक्रार असेल तर थांबू नये. गरोदर बाईची तपासणीही गरज असेल तेव्हा करता येते. वार खाली आहे अशी शंका असताना मात्र आधी सोनोग्राफी.

आणि ज्यांना काहीच त्रास नाही त्यांचे काय? पूर्वी दरवर्षी हाताने आतून तपासून घ्या असे सांगत. आता मत बदलले आहे. तक्रार नसलेल्या स्त्रीला हाताच्या तपासणीने फायदा होतो असा पुरावा नाही, असे अमेरिकेतल्या फिजिशियन्सच्या संघटनेने २०१४ साली सांगितले. पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठीची चाचणी मात्र वेगळी. ती तिशीनंतर प्रत्येकीने करायचीच, त्रास असो वा नसो. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांवर एक मोठा अभ्यास झाला. २००९ साली त्याचे निष्कर्ष आले. एचपीव्ही विषाणूची चाचणी आयुष्यात फक्त एकदा झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळजवळ निम्मे होते. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाचा त्यात मोठा वाटा होता. आता ही चाचणी शहरांत मिळते, आणि तिचा नमुना बाई स्वतःच्या हाताने, पडद्याआड जाऊन घेऊ शकते. मात्र त्यात दोष निघाला तर पुढे पिशवीचे तोंड पाहावेच लागते. मुलींसाठी या विषाणूविरुद्धची लस आपल्या पुण्यातच, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते. २०२२ साली ती जाहीर झाली. नऊ ते चौदा या वयात ती देणे सर्वांत चांगले.

तरीही २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे दिसले की देशातल्या तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी शंभरात दोघींचीही ही चाचणी कधी झालेली नव्हती. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. तो अभ्यास १९८९ च्या जानेवारीत 'लॅन्सेट'मध्ये छापून आला आणि जगभर त्याची चर्चा झाली. शंभरातल्या ९२ जणींना एक ना एक स्त्रीरोग होता, एकेकीला सरासरी साडेतीनहून अधिक. पूर्वी कधी तपासणी आणि उपचार झालेल्या होत्या शंभरात ८. आपल्याकडच्या बायका ही तपासणी करूनच घेणार नाहीत असे जे म्हणत, त्यांना त्या गावांतल्या बायकांनी उत्तर दिले होते. स्त्री डॉक्टर गावात आली, नीट बोलली, कशासाठी ते सांगितले, तेव्हा त्या आल्या. पंडिता रमाबाईंनी १८८२ साली याच पुण्यात हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्री डॉक्टर हव्यात असे आग्रहाने सांगितले होते. बायका संकोचापायी मरतात हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. आज पुण्यात एकेका गल्लीत दोन-दोन डॉक्टरीणबाई आहेत. पत्र लिहिणारी भगिनी त्यांच्यातल्याच एकीकडून उठून आली.

तर बाई, तुमच्या पत्राचे उत्तर. पांढरे जाणे हे प्रत्येक वेळी दुखणे नसते. पाळीच्या मध्यावर, गरोदरपणात थोडे पाणी जातेच. वास, खाज, रंग बदललेला, संबंधानंतर रक्त, यातले काही असेल तर थांबू नका. पाळी संपून चार-पाच दिवस झाले की जा. त्याच डॉक्टरीणबाईंकडे जायला संकोच वाटत असेल तर दुसरीकडे जा, बरोबर बहिणीला किंवा जावेला न्या. जवळच्या सरकारी रुग्णालयातही ही तपासणी होते. आत गेल्यावर आधी हेच सांगा की मला भीती वाटते, मागच्या वेळी मी खोटे बोलून गेले होते. कोणतीही बरी डॉक्टर यावर रागावणार नाही. उपकरण आधी दाखवा म्हणा. लहान आकाराचे आहे का विचारा, कोमट करून घ्या म्हणा. आणि पॅपचा नमुनाही त्याच वेळी घेतला जाईल असे पाहा, म्हणजे दुसरी खेप पडणार नाही. अहवाल यायला आठवडाभर लागतो. तो आणायला स्वतः जा, आणि जमले तर मला एक ओळ लिहून कळवा. सही नसली तरी चालेल.